ग्रिफिथची नोन्ना आणि टोमॅटोचा दिवस



पावसानं अजून उघडीप दिलेली नाही, त्यामुळं वरच्या प्लॉटची छाटणी थांबली आहे. डाऊनीवर लिहा असं बऱ्याच जणांनी सांगितलंय. ते लिहिणार आहे, पण आज नाही. आज एका म्हातारीवर लिहायचं आहे.

ऑगस्टच्या शेवटी ती गेली. नव्वदीला टेकली होती. गेली ऑस्ट्रेलियात, पण होती मूळची इटलीची. जुन्या वाचकांना ठाऊक आहे की डिग्री झाल्यावर मी तीन वर्षं ऑस्ट्रेलियात ग्रिफिथजवळ द्राक्षबागेत कामाला होतो. ज्या कुटुंबाची बाग, त्या कुटुंबाची ही आजी. इटालियनमध्ये आजीला नोन्ना म्हणतात. घरातले सगळे, शेजारपाजारचे आणि मीसुद्धा तिला नोन्नाच म्हणायचो, म्हणून इथंही तेच.

आधी गाव सांगतो, कारण ते गाव कळल्याशिवाय म्हातारी कळायची नाही.

ग्रिफिथ हे न्यू साउथ वेल्स राज्यात, सिडनीपासून साडेपाचशे किलोमीटरच्या वर आत आहे. पाऊस वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या दुष्काळी पट्ट्याचा भाऊच. पण मरमबिजी नदीवर वर डोंगरात बरिंजक धरण बांधलं आणि १९१२ पासून कालव्यानं पाणी आलं. त्या पाण्यावर संत्री, द्राक्षं, भात, सगळं उभं राहिलं. ताकारी-म्हैसाळचं पाणी आल्यावर आपल्याकडं काय झालं हे ज्यांनी बघितलंय, त्यांना जास्त सांगायला नको. फरक एवढाच की तिकडं पाणी उताराने येतं, उपशाचं वीजबिल नाही. प्रत्येक शेताला नंबर असतो आणि लोक पत्ता सांगताना फार्म नंबरच सांगतात. आपल्या गट नंबरासारखं. मला तिथं पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटलं ते त्या नंबरामुळं.

या गावात इटालियन आडनावं पावलोपावली. पहिले लोक आले ते ब्रोकन हिलच्या खाणीतलं काम सोडून. ट्रेव्हिसोकडून आलेल्या व्हित्तोरियो दे बोर्तोली यांनी जवळच्या बिलबुलला १९२८ मध्ये वाईनरी काढली, ती आजही चालू आहे. (द्राक्षवाल्यांसाठी एक गंमत: ज्या बोट्रायटिस बुरशीला आपण घाबरतो, तीच सेमियाँ जातीच्या घडांवर मुद्दाम वाढू देऊन त्यांनी १९८२ पासून गोड वाईन केली आणि ती जगभर गाजली. नोन्ना म्हणायची, सडकी द्राक्षं चांगल्या द्राक्षांपेक्षा महाग विकतात, श्रीमंतांचं काही खरं नाही.) पण खरा लोंढा आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. नोन्ना त्यातलीच.

तिचं माहेर इटलीच्या उत्तरेला, वेनेतो भागात, ट्रेव्हिसो जिल्ह्यातलं एक खेडं. बाप जमीनदाराची जमीन कसायचा. त्या पद्धतीला मेझ्झाद्रिया म्हणतात, आणि त्या शब्दातच 'अर्धा' बसलेला आहे. आपली अर्धेलीच. पीक निम्मं मालकाचं. इटलीत १९६४ साली कायदा होऊन असले नवे करार बंद झाले, पण तोवर ही इकडं येऊन सहा वर्षं झाली होती.

वसंतात हातात पहिला पैसा यायचा तो रेशीमकिड्यांचा. बीड-जालन्याच्या तुतीवाल्यांनी हे नीट वाचा. तिच्या बोलीत रेशीमकिड्यांना 'काव्हालिएरी' म्हणजे घोडेस्वार म्हणत. अंडीपुंज उबवायला इनक्युबेटर नव्हता, म्हणून बायका अंडी फडक्यात बांधून अंगाशी, चोळीच्या आत ठेवायच्या. तिच्या आईनं ठेवली, आजीनं ठेवली. किडे मोठे झाले की घरातली सगळ्यात उबदार खोली त्यांना आणि माणसं गारठ्यात. शेवटच्या अवस्थेत रात्रंदिवस पाला. नोन्ना म्हणायची, पाला खातानाचा त्यांचा आवाज पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा यायचा. मी जालन्याच्या एका मित्राला हे सांगितलं, तर तो म्हणाला, अगदी तसाच येतो.

खायला काय, तर पोलेंता. मक्याचं जाडं पीठ पाण्यात शिजवून घोटायचं, पाटावर ओतायचं आणि गार झालं की दोऱ्यानं कापायचं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, या तर आपल्या ज्वारीच्या कण्या, फक्त पिवळ्या. तिच्या पणजीच्या पिढीत तिकडं पेलाग्रा नावाचा रोग घरोघर होता. कातडी सोलून निघायची, माणूस भ्रमिष्ट व्हायचा. कारण मका मेक्सिकोहून आला, पण मका चुन्याच्या पाण्यात उकळायची तिथली रीत बरोबर आली नाही, आणि तसा नुसत्या मक्यावर जगलेल्या माणसाला नायसिन मिळत नाही. कृषीवाल्या मित्रांना आठवत असेल, ज्वारीवर जगणाऱ्या आपल्या दख्खनच्या गरिबांतही हा रोग होता आणि हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर काम केलं होतं. नोन्नाला नायसिन वगैरे ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की नुसती पोलेंता कुणाला वाढायची नाही. बरोबर घेवडा पाहिजे, चीज पाहिजे, काहीतरी पाहिजेच. ताटात नुसती पोलेंता दिसली की तिचा चेहरा बदलायचा.

लग्न तिचं १९५८ साली झालं, आणि नवरदेव लग्नाला नव्हता! तो ऑस्ट्रेलियात होता. गावातलाच पोरगा, सहा वर्षं आधी गेलेला. त्या काळात असं हजारो पोरींचं झालं. चर्चमध्ये नवऱ्याच्या जागी त्याचा भाऊ किंवा कुणी नातेवाईक उभा राहायचा आणि लग्न लागायचं. हिच्या वेळी सासरा उभा होता. मग एका पेटीनिशी जिनोआहून बोटीत. सुएझ, एडन, कोलंबो, फ्रीमँटल असं करत महिनाभराच्या आसपास प्रवास. कोलंबोला बोट थांबली तेव्हा तिनं नारळपाणी प्यायलं होतं, त्यामुळं मी तुझा देश बघितलाय असं ती मला ठासून सांगायची. ती लंका झाली, भारत नव्हे, असं मी तीन वर्षं सांगत राहिलो. काही उपयोग झाला नाही.

बोट बंदराला लागली तेव्हा तिनं नवऱ्याला फोटोवरनं ओळखलं. फोटो सहा वर्षांपूर्वीचा. घर म्हणजे पत्र्याची खोली, पलीकडं दीर-जाऊ. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढं. तिला वाटलं होतं दोन-चार वर्षांत पैसे साठवून परत जाऊ. दर रविवारी आईला पत्र लिहायची. १९६६ साली आई गेल्याची तार आली. तोपर्यंत माती होऊन गेली होती. तिसरं मूल तेव्हा सहा महिन्यांचं होतं आणि द्राक्षाचा तोडा चालू होता. ती मला म्हणाली, त्या दिवशी मी तोडा थांबवला नाही, थांबवून कुठं जाणार होते? माहेरचं गाव तिनं पुन्हा एकदाच बघितलं, १९७९ साली. हे सांगताना ती रडली वगैरे नाही. भेंडोळं सोडवून मला एकेक वाळुंजाची काडी देत होती आणि मी वेल बांधत होतो.

हो, वाळुंजाची काडी. तिच्या माहेरी द्राक्षाची काडी तारेला बांधायला वाळुंजाच्या कोवळ्या पिवळ्या फांद्या वापरत. तिनं चारीच्या कडेला चार झाडं लावली होती, दर हिवाळ्यात ती बुडख्यापर्यंत छाटायची आणि फांद्या पाण्यात भिजत घालायची. बाकी चाळीस एकराला मशीन आणि प्लॅस्टिकची क्लिप, पण घरामागच्या आठ ओळींना वाळुंजच. काडी जाड झाली की वाळुंज आपोआप तुटतो, सालीत रुतत नाही. सुतळी रुतून गळा आवळलेले ओलांडे आपण किती बघतो.

आणखी एक. तोडा संपला की शरदात, म्हणजे तिकडच्या एप्रिलात, दोन ओळींमध्ये ती फावा पेरायची. मोठ्या दाण्याचा घेवडा, हिंदीत त्याला बाकला म्हणतात. कोवळ्या शेंगा घरात, बाकीचं फुलोऱ्यानंतर जमिनीत गाडायचं. नत्राचा हिशेब तिला कुणी शिकवला नव्हता. माझ्या वहीत तिच्या आठ ओळींचं आणि शेजारच्या ओळींचं माती परीक्षण आहे. सेंद्रिय कर्बात फरक दिसतो. पण क्षेत्र लहान आणि तिच्या ओळींना कोंबडीखतही जास्त पडायचं, त्यामुळं त्यावर मी मोठा दावा करणार नाही.

आता तिच्या घराबद्दल. इतकं गोड लिहिलंय म्हणून कुणी तिला देवी समजू नका. सुनांना तिचा जाच होता. थोरल्या सुनेनं सॉस विकत आणलेला कळला तर आठवडाभर बोलायची नाही. दोन मुलं, एक मुलगी. जमीन मुलांची, मुलगी लग्न करून मेलबर्नला, तिला काही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, असंच असतं. मुलगी तिथंच बसली होती. ती म्हणाली, आई, १९६० पासून तू ट्रॅक्टर चालवतेस, तुझं तरी नाव कागदावर कधी आलं? गोष्ट खरी होती. फार्मच्या कागदावर नवरा आणि दीर. नोन्नाचं नाव लागलं ते नवरा वारल्यावर, वयाच्या सत्तरीच्या जवळ. आपल्याकडं शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या आसपास 'लक्ष्मी मुक्ती' चालवली होती, नवऱ्यानं आपल्या खुशीनं बायकोच्या नावावर जमीन करायची. ज्यांनी तेव्हा केली त्यांच्या घरात काय बदललं, हे कुणीतरी बसून लिहायला पाहिजे. आमच्या गावात मोजक्यांनी केली होती.

तर, दोन मुलं. इथनं पुढं खरा विषय.

२००६ ते २००९ तिकडं भयंकर दुष्काळ होता. त्याआधी दहा वर्षं पाऊस कमीच होता, पण ही शेवटची वर्षं मारणारी. कालव्याच्या पाण्याचा कोटा कापला गेला. तिकडं पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा असतो. जमीन ठेवून पाणी विकता येतं, वर्षापुरतं किंवा कायमचं. फळबागेच्या पाण्याची हमी जास्त, भात-गव्हाच्या पाण्याची कमी. थोरल्याकडं द्राक्षं होती, धाकट्याकडं भात. धाकट्याला तीन हंगाम जवळजवळ पाणीच मिळालं नाही. बँकेचं कर्ज अंगावर. त्याच सुमाराला सरकारनं नदीत पाणी सोडायचं म्हणून शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क विकत घ्यायला सुरुवात केली. धाकट्यानं आपला हक्क विकला. कायमचा.

थोरल्याला हे सहन झालं नाही. त्याचं म्हणणं, बापानं रक्त आटवून मिळवलेलं पाणी, आणि एकाचं पाणी गेलं की चारीचा खर्च उरलेल्यांवर पडतो. आज तू, उद्या शेजारी, मग कालवाच कशाला ठेवतील? २०१० साली नदीखोऱ्याच्या पाण्याचा सरकारी मसुदा आला, तेव्हा ग्रिफिथच्या सभेत शेतकऱ्यांनी त्याच्या प्रती जाळल्या. त्याची बातमी जगभर गेली होती. थोरला त्या गर्दीत होता. धाकटा घरात बसून ते टीव्हीवर बघत होता. त्यानंतर दोघं बोलायचे बंद झाले. दोघांच्या घरात अंतर दोन किलोमीटर.

कोण बरोबर, कोण चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. २०१२-१३ ला आमच्याकडं टँकरनं बागा जगवल्या, तेव्हा पाण्यासाठी सख्खे भाऊ काय बोलतात ते मी ऐकलंय. बुडणाऱ्यानं हाताला लागेल ते विकलं, त्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. आणि चारी कोरडी पडेल ही थोरल्याची भीतीसुद्धा खोटी नव्हती.

नोन्नानं काय केलं ते सांगतो. भांडण मिटवा म्हणून ती कुणाच्या पाया पडली नाही. पाद्रीला बोलावलं नाही. शपथा घातल्या नाहीत. तिनं टोमॅटोचं सामान वाटलं.

तिकडच्या इटालियन घरात उन्हाळ्यात, जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत, एक दिवस सगळं घर मिळून वर्षभराचा टोमॅटो सॉस करतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पापड-कुरडया होतात तसंच, पण पुरुषांसकट. टोमॅटो तोडून शेडमध्ये पोत्यांवर तीन-चार दिवस पसरून पूर्ण लाल होऊ द्यायचे. धुवायचे, डागाळलेलं कापून टाकायचं, मोठ्या हंड्यात जरा उकळी आणायची, उशीच्या अभ्र्यात टांगून पाणी निथळायचं. मग मशीन. साल आणि बी एका बाजूला, गर दुसऱ्या बाजूला. निघालेली साल पुन्हा एकदा मशीनमधून काढायची, कारण दाट गर त्यातच असतो. बिअरच्या जुन्या बाटल्या धुऊन ठेवलेल्या असतात. प्रत्येकीत तुळशीच्या जातीच्या बेसिलचं एक पान, वर गर, मग हाताच्या प्रेसनं बूच. त्या बाटल्या दोनशे लिटरच्या पिंपात आडव्या रचायच्या, मध्ये पोती घालायची म्हणजे एकमेकींवर आपटून फुटत नाहीत. पाणी भरून खाली जाळ. उकळी आल्यावर तासभर. मग पिंपाला हात लावायचा नाही, रात्रभर त्यातच गार होऊ द्यायचं. टोमॅटोचा सामू बहुधा ४.६ च्या खाली असतो म्हणून त्यांचं नुसत्या उकळण्यानं भागायचं, पण काही टोमॅटोत तो वरही जातो, तेव्हा नुसत्या उकळण्यावर विसंबू नका. भेंडीला हा प्रयोग करू नका.

हे सगळं सामान आधी नोन्नाच्या शेडमध्ये होतं. भांडणानंतरच्या उन्हाळ्यात तिनं जाहीर केलं की माझ्याकडं आता जागा नाही. हंडा आणि मशीन थोरल्याकडं पाठवलं. पिंप, बर्नर, बुचाचा प्रेस आणि सगळ्या रिकाम्या बाटल्या धाकट्याकडं. म्हणजे एकट्याला कुणालाच सॉस करता येणार नाही.

मी गेलो तेव्हा ही व्यवस्था सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी मला ते येड्यासारखं वाटलं. चारशे किलो टोमॅटो थोरल्याच्या शेडमध्ये शिजवायचा, दळायचा, गरम गर दुधाच्या कॅनमध्ये भरून गाडीवर घालायचा, दोन किलोमीटर धाकट्याकडं न्यायचा, तिथं बाटल्या भरायच्या. मी नवा नवा, डोक्यात मॅनेजमेंट. म्हटलं, नोन्ना, सगळं एका जागी आणलं तर चार तास वाचतील. ती टोमॅटो कापत होती. मान वर न करता म्हणाली, "तोझो, मग त्यांना यायला लागणार नाही." तोझो म्हणजे तिच्या बोलीत पोरगा.

दिवसभर ते दोघं एकमेकांशी जेवढं लागेल तेवढंच बोलत. "आणखी एक कॅन." "पोती कमी पडतील." "उकळी आली." बास. पाण्याचा विषय तर सोडाच, पाणी हा शब्दसुद्धा टाळायचे असं मला वाटायचं. पण गर गरम असतो, बाटली धरायला एक आणि ओतायला एक लागतो. तिथं दोघांना समोरासमोर बसावंच लागायचं. नोन्ना खुर्ची टाकून दोघांच्या मध्ये, बेसिलची पानं खुडत.

संध्याकाळी साडेतीनशेच्या वर बाटल्या व्हायच्या. दुसऱ्या दिवशी वाटणी. तिच्याकडं एक जुनी वही होती, कुणाच्या घरात खाणारी तोंडं किती, मागच्या वर्षी कुणाच्या किती उरल्या, सगळं लिहिलेलं. थोरल्याला, धाकट्याला सारखं. मेलबर्नच्या मुलीला दोघांपेक्षा वीस बाटल्या जास्त. ते का, हे तिनं कधी सांगितलं नाही. माझ्या नावावर बारा होत्या. माझा सोमवार असतो हे तिनं पहिल्याच महिन्यात ध्यानात ठेवलं होतं. त्या घरात हिवाळ्यात डुक्कर कापून सलामी करतात, छताला टांगलेली असते, पण तीन वर्षांत सोमवारी माझ्यासमोर मांस आलं नाही. पोलेंता, घेवडा आणि त्यांचा तो लाल कडसर राडिक्को. (ट्रेव्हिसोचा राडिक्को थंडी पडल्यावर मुळासकट उपटून अंधारात वाहत्या पाण्यात ठेवतात, मग आतून नवा, कुरकुरीत गाभा फुटतो. ती हे शेडमधल्या जुन्या बाथटबमध्ये करायची.)

भाऊ एकत्र आले का? सिनेमातल्यासारखे नाही. मी पाहिलेली एकच गोष्ट सांगतो. तिकडं सप्टेंबर-ऑक्टोबरात, नवीन फूट निघालेली असताना, एखाद्या पहाटे पारा शून्याखाली जातो आणि कोवळे फुटवे काळे पडतात. निफाडकरांना हे वेगळं सांगायला नको. बचाव म्हणजे जमीन ओली ठेवायची आणि ओळींमधलं गवत खाली ठेवायचं, म्हणजे दिवसाची उष्णता मातीत राहते. नोन्नाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर थर्मामीटर होता. त्या दोन महिन्यांत ती रोज रात्री दोन वाजता उठून टॉर्च मारून तो बघायची. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. पारा दोनवर आला की फोन. थोरल्याला, मग मला, आणि धाकट्यालाही, ज्याच्याकडं द्राक्षाचा एक वेल नव्हता. का, तर तू जागा राहा एवढंच. माझ्या दुसऱ्या वर्षी एका रात्री आम्ही दारं सोडून पाणी ओळीत घेत होतो, तर पलीकडच्या टोकाला हेडलाईट दिसले. धाकटा होता. फावडं घेऊन उतरला आणि शेवटच्या चार दारांवर गेला. उजाडेपर्यंत होता. कॉफी प्यायला थांबला नाही. थोरल्यानं त्यावर एक शब्द काढला नाही, पण नंतर त्याचा तुटलेला नांगर आमच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगला आला आणि बिल गेलं नाही.

मी परत आल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी तिचा फोन असायचा, नातू लावून द्यायचा. तिचं इंग्लिश तोडकं, त्यात माझं सांगलीचं. पहिला प्रश्न, जेवलास का. दुसरा, पाऊस झाला का. तिसरा, आईला फोन केलास का. मी आईच्याच घरात राहतो हे तिला पटायचं नाही, परत विचारायची. शेवटची दोन वर्षं ऐकू कमी यायचं, मग ती एकटीच बोलायची आणि मी हूं हूं करायचो.

ती गेल्यावर तिच्या खोलीतून नातवाला बिस्किटाचा एक डबा सापडला. आत वर्तमानपत्राच्या पुड्या. प्रत्येक पुडीत टोमॅटोचं बी, वर साल लिहिलेलं. लांबट, गराचं प्रमाण जास्त असलेलं तेच वाण. दर वर्षी टोमॅटोच्या दिवशी पहिल्या तोड्यातली सगळ्यात चांगली फळं ती बाजूला काढायची. बी पाण्यात दोन-तीन दिवस आंबवायचं, बुळबुळीत आवरण गेलं की धुऊन सावलीत वाळवायचं. शेवटची पुडी पाच वर्षांपूर्वीची होती. त्यानंतर हात चालत नव्हते.

नातवानं मला विचारलं, हे उगवेल का? मी सांगितलं, टोमॅटोचं बी कोरडं राहिलं असेल तर पाच वर्षं काही जास्त नाहीत, पण अंदाजावर जाऊ नको. वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळ, फ्रीजच्या वर ऊब असते तिथं ठेव, रोज फडकं ओलं कर, दहाव्या दिवशी मोज. त्यानं मोजल्या. वीसपैकी तेरा. म्हटलं, मग दीडपट बी टाक, आणि सगळ्या पुड्या संपवू नकोस.

काल त्याचा फोटो आला. ट्रेमध्ये रोपं चार पानांवर आली आहेत, फ्रॉस्टची भीती गेली की नोन्नाच्याच जागेत लावणार म्हणतोय. ट्रे धाकट्या काकाच्या शेडमध्ये, पिंपावर ठेवले आहेत. मशीन अजून त्याच्या बापाकडं, म्हणजे थोरल्याकडं आहे. ते हलवायचं का, याबद्दल दोघांपैकी कुणी अजून काही बोललेलं नाही.